चोरओटी

कुसुम : हे दोन घास झाले? भाताची मूद होती तशीच आहे. वरचं तूपसुद्धा फुटलेलं नाही.

तनया : खाल्लं ना, आई. खरंच.

कुसुम : बासष्टाव्या वर्षी माणूस म्हातारं होतं, आंधळं नाही. माझा चष्माही नवा आहे.

तनया : मळमळतंय हो. नंतर खाते. साडेबाराला कॉल आहे माझा.

कुसुम : जेवून कॉल घे. ऑफिसातली माणसं काय, ती खाऊनपिऊन बसलेली असतात. आणि मळमळणारच या दिवसांत. तेजसच्या वेळी मला पाणीसुद्धा पचत नव्हतं. पण सासूबाई समोर बसायच्या, ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. मी निदान शेजारी बसलेय.

गोदाबाई : काकू, पोळ्या झाल्या. च्या टाकू का तुमास्नी?

कुसुम : गोदाबाई, रोज विचारता, रोज नको म्हणते. मला पित्त होतं.

गोदाबाई : आदी न्हाय व्हायचं. चार म्हैनं झालं बघती. त्याच्या आदी दिसाला पाच कप लागायचे.

कुसुम : माझे कप मोजण्यापेक्षा नारळ खवा. वन्सं बारा वाजता टपकतील. त्यांना नारळीभात लागतो आणि तो त्यांच्या आईच्या हातासारखा लागतो, जो गेली तीस वर्षं माझ्या हातून झालेला नाही.

तनया : आत्या आजच का येतायत?

कुसुम : का म्हणजे? ओटी भरायला. तिसरा लागला की चोरओटी भरतात. बाहेर बभ्रा करायचा नाही, घरातल्या दोघी-तिघींनी गुपचूप भरायची. माझी वन्संनीच भरली होती. त्यामुळे मी त्यांना म्हटलं, हिचीही तुम्हीच भरा. तर फोनवर रडायला लागल्या. विश्रांतवाडीहून रिक्षानं यायला निघाल्यात, बस नको म्हणाल्या. वन्संनी रिक्षा करणं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही.

तनया : पण आई, अजून कन्फर्म कुठे आहे? डॉक्टरांकडे पण गेलो नाही आपण.

कुसुम : पाचची वेळ घेतलीय ना मी. आणि ती घरी करायची पट्टी, ती केलीस म्हणालीस.

तनया : केली.

कुसुम : मग?

तनया : केली म्हटलं ना.

कुसुम : बरं बाई, लाज. आम्हीही लाजायचो. तेजसला मी अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. शनिवारी चेन्नईहून आला की तूच सांग. ते तुझं. मला पट्टी लागत नाही, मला सोमवार पुरतात.

तनया : सोमवार?

कुसुम : सोळा सोमवार केलेस ना तू. पहिल्याच महिन्यात एका सोमवारी म्हणालीस, आज मला चालत नाही, पूजा तुम्ही करा. केली मी. तुझी पाळी घड्याळासारखी. म्हणजे चार आठवड्यांनी पुन्हा सोमवारच यायचा. आला नाही. त्याच्या पुढचा आला नाही. त्याच्याही पुढचा नाही. मी बोलले नाही कुणाला. देवापुढे उभी राहून नुसती मोजत होते.

गोदाबाई : ताई, पानी पिता का? त्वांड पांढरं पडलंय.

कुसुम : पाणी नको, अन्न हवंय तिला. व्रत फळलं, उद्यापन होऊन दहा दिवस झाले, अजून तिचं धान्य सुटलेलंच. हो, सवय मोडायला वेळ लागतो, मला कळतं. पण आता तू एकटी नाहीस. आणि हा फोन काय मेला सारखा वाजतोय मघापासून? कोण आहे?

तनया : ग्रुप आहे. असाच.

कुसुम : नुसता एक ग्रुप एवढा ओरडत नाही. हे बघ, आता माझाही वाजला. वन्सं. स्वयंपाकघरात यांचा आवाज येत नाही, नाहीतर एरवी फोनशिवायही येतो. मी आलेच. गोदाबाई, हिला उठू देऊ नका.

(कुसुम फोन घेऊन गॅलरीत जाते. मागे दार ओढून घेते.)

गोदाबाई : सांगितलं न्हाय अजून.

तनया : काय सांगू?

गोदाबाई : म्या अडानी हाय ताई, येडी न्हाय. पोटुशी बाई म्या घरात बघितलीया, शेतात बघितलीया. तिचं त्वांड असं नसतंय. तुमी केली ती पट्टी?

तनया : तीनदा केली. तिन्ही वेळा एकच रेघ.

गोदाबाई : एक म्हंजी?

तनया : म्हणजे नाही.

गोदाबाई : देवा. अन् आठ दिस झालं त्या म्हातारीला नाचू देताय तुमी?

तनया : मी नाही म्हटलंय का काही? मी हो पण म्हटलं नाही, गोदाबाई. त्यांनीच ठरवलं. त्यांनीच आत्याला फोन केला. मी रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. आणि त्या समोर येतात, कपाळावरून हात फिरवतात...

गोदाबाई : म्या तरी काय कमी गुन्हेगार? तुमचा डबा चार म्हैनं माझ्या पोरांनी खाल्ला. फराळाची भगर, शेंगदान्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, समदं. तुमी म्हनायच्या, गोदाबाई, काकूंना सांगू नका. म्या म्हनलं, नवससायास असंल कसला, आपल्याला काय करायचंय. पर उद्यापनाचा चुरमा मला कचऱ्याच्या डब्यात घावला. कागदात गुंडाळलेला. तवाच कळलं, ह्ये देवाचं न्हाय.

तनया : तुम्ही काय केलंत त्याचं?

गोदाबाई : काय करनार? कपाळाला लावला अन् तुळशीत घातला. तवापासनं झोप न्हाय मला. कशापायी करताय वो येवढं?

तनया : ह्या ग्रुपपायी. सकाळी सात वाजता वजनकाट्यावर पाय ठेवून फोटो टाकायचा. बारा वाजता ताटाचा फोटो. आधल्या दिवसापेक्षा शंभर ग्रॅम जरी वाढलं किंवा फोटो चुकला तर नावापुढे लाल टिकली लावतात. सगळ्यांना दिसते.

गोदाबाई : अन् ताटात काय?

तनया : काकडी. मुगाचं पाणी. दुपारी बारा ते चारमध्ये काय ते. बाकी काळी कॉफी.

गोदाबाई : येवढ्यावर तर आमची शेरडी बी जगत न्हाय. सोडा की मग त्यो ग्रुप.

तनया : मी पहिल्या नंबरावर आहे तिथे. एकवीस किलो, सोळा आठवड्यांत. ग्रुप चालवणाऱ्या मॅडमनी माझा आधीचा आणि आताचा फोटो लावलाय. माझ्या हाताखाली अकरा जणी दिल्यात. मी सोडलं तर त्यांना काय सांगू? आत्ता कोण मेसेज करतंय माहितीये? हडपसरची नाजिमा. केस पुंजक्यांनी गळतायत म्हणते. काय करू विचारतेय.

गोदाबाई : मग काय सांगितलं?

तनया : जे मला सांगितलं होतं तेच. शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नकोस. आणि मी स्वतः बाथरूमच्या जाळीतून रोज माझे केस काढून टॉयलेटमध्ये टाकते, आईंना दिसू नयेत म्हणून.

गोदाबाई : ताई, त्या आत यायच्या आदी इचार करा. तुमी सांगताय का म्या सांगू? त्या ओटीला हात लागायच्या आदी सांगायला पायजे. देवाच्या नावानं येकदा झालं. पोराच्या नावानं न्हाय करायचं.

तनया : तुम्ही नका ना बोलू. प्लीज. मी सांगते.

कुसुम : (आत येत) काय सांगतेस? वन्सं संगमपुलाच्या पुढे आल्या. रिक्षावाल्याला रस्ता शिकवतायत. तो बिचारा मुकाट्यानं ऐकतोय, म्हणजे पुण्यात नवीन असणार. हात पुढे कर.

तनया : कशाला?

कुसुम : कर तर. ही बघ, हिरवी बांगडी. माझ्या ओटीला वन्संनी घातली होती. मला तेव्हा एवढी घट्ट झाली की साबण लावून चढवली. बघू... अगं. ही तर सरळ कोपरापर्यंत गेली.

तनया : काढा ना, आई. नको.

कुसुम : थांब. मूठ बंद कर. बंद मुठीवरूनही उतरतेय. तनया, इकडे बघ माझ्याकडे. धान्य सोडलं की माणूस उतरतो, ते मी धरून चालले होते. पण फळं घेत होतीस, दूध घेत होतीस, भगर खात होतीस. मग हे मनगट कसं झालं? पोटुशी बाई कुठे अशी वाळते का? तुला दुसरं काही झालंय का? काही दुखणं? माझ्यापासून लपवतेस का? तेजसला माहीत आहे का? अगं बोल.

तनया : दुखणं नाही, आई.

कुसुम : मग?

तनया : मी प्रेग्नंट नाहीये.

कुसुम : काय?

तनया : नाहीये. तीनदा टेस्ट केली. आणि गेल्या शुक्रवारी एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त तपासलं. पाळी बंद झालीय ती मी जेवत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, अंगातच काही उरलं नाही तर शरीर आधी हेच बंद करतं. हिमोग्लोबिन आठवर आलंय.

कुसुम : गोदाबाई, गॅस बंद करा.

गोदाबाई : बंदच हाय, काकू.

कुसुम : मग असू दे. नाहीये म्हणालीस.

तनया : नाहीये.

कुसुम : आणि फळं? भगर?

तनया : नाही खाल्ली. सोळा सोमवारही नव्हते, आई. म्हणजे पूजा केली मी, पण व्रत नव्हतं. रोज काट्याचा आणि ताटाचा फोटो त्या ग्रुपवरच्या मॅडमना पाठवायचा, असं डाएट होतं.

कुसुम : डाएट.

तनया : पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, पोळी का नाही घेतलीस? डाएट म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, असली थेरं या घरात चालायची नाहीत. तोंडात आलं ते बोलून गेले. सोळा सोमवार धरलेत म्हटलं, धान्य सोडलंय. मला वाटलं, महिनाभर निभेल. आणि तुम्ही रडलात. मला जवळ घेतलंत. तीन वर्षांत पहिल्यांदा. काही विचारलंसुद्धा नाहीत, कशासाठी धरलेत म्हणून. तुम्हाला वाटलं, बाळासाठी. मग मला ते परत कसं घेता येणार होतं?

कुसुम : चार महिने महादेवाला बेल वाहिलास माझ्याबरोबर. डोळे मिटून उभी राहायचीस. मी वन्संना सांगायचे, अशी सून शोधून मिळायची नाही.

तनया : सांगायचात. माझ्यासमोरच सांगायचात. ते ऐकलं की आणखी एक पोळी नाकारता यायची.

कुसुम : लाज नाही वाटली?

तनया : वाटली. अजून वाटतेय. पण भीती जास्त वाटते. तुम्हाला कसं सांगू? मला आता सोडायचंय हे. शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच ठरवलं होतं, घरी जाऊन जेवायचं. तुम्ही देवळात गेला होतात. मी स्वतः ताट वाढून घेतलं. घास तोंडाशी नेला आणि छाती एवढी धडधडली की ताट तसंच ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. एक घास, आई. वरणभाताचा. मला तो जात नाही. आणि रात्रभर स्वप्नात मी फक्त खात असते.

गोदाबाई : बसा काकू. ह्या खुर्चीवर बसा आदी.

कुसुम : मी ठीक आहे. मला एवढं सांग, तुला कुणी म्हटलं होतं एवढं वाळायला? मूल राहत नाही म्हणून गेलो होतो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मी होते तिथे. सहा किलो म्हणाल्या होत्या. सावकाश, सहा महिन्यांत. जेवत जा, चालत जा.

तनया : सहा महिने कोण थांबणार होतं? प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यांची नजर आधी माझ्या पोटावर. काही आहे का? नाही, नुसतंच पोट. मला वाटलं, झटकन उतरवू, मग लगेच राहील. मी हे बाळासाठीच सुरू केलं होतं हो. तेवढं खोटं नव्हतं.

कुसुम : कोण बघत होतं पोटाकडे? नाव सांग.

तनया : जाऊ दे.

कुसुम : नाव सांग. माझी जीभ अजून शाबूत आहे.

तनया : तीच तर... आत्यांच्या स्पृहाच्या लग्नात, स्टेजवर. फोटोग्राफर सारखा सरका सरका म्हणत होता. तुम्ही म्हणालात, हिला टोकाला उभी करा, मध्ये ठेवली तर दोन माणसं कमी मावतील.

कुसुम : मी?

तनया : सगळे हसले. तेजसही हसला. मीपण हसले. हॉलमध्ये लावलाय तो फोटो. टोकाला उभी आहे मी, हसतेय. रोज केर काढताना, दिवा लावताना, रोज दिसतो.

कुसुम : मला आठवत नाही.

तनया : असू दे.

कुसुम : नाही. आठवतंय. मागून वन्सं म्हणाल्या होत्या, कुसुम, सगळ्यांदेखत कशाला? मी म्हटलं, तिला विनोद कळतो.

गोदाबाई : म्या पानी देती दोघींना.

कुसुम : मला चहा टाका, गोदाबाई.

गोदाबाई : च्या? पित्त?

कुसुम : पित्तबित्त काही नाही. सोडला होता. ही एवढीशी पोर अन्नावाचून व्रत करतेय आणि आपण पाच कप ढोसतोय, बरं दिसेना. म्हटलं, हिचं पदरात पडेपर्यंत चहा बंद. पहिले आठ दिवस डोकं असं दुखायचं की भिंतीवर आपटावंसं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नसतं.

तनया : आई...

कुसुम : रडू नकोस. रडायलाही अंगात काहीतरी लागतं, ते नाहीये तुझ्याकडे.

तनया : आत्या किती वेळात येतील?

कुसुम : येतील वीस मिनिटांत.

तनया : आई, एक ऐकाल? आज त्यांना काही नका सांगू. एवढ्या लांबून आल्यात, रडल्यात, रिक्षा करून आल्यात. भरू दे त्यांना ओटी. मी घेते. बसते पाटावर. मग पंधरा दिवसांनी आपण सांगू...

कुसुम : काय सांगू?

तनया : राहिलं नाही म्हणून. गेलं म्हणून. असं होतं ना पुष्कळ जणींचं. मग कुणी काही विचारत नाही. उलट सांभाळूनच घेतात. तुम्हालाही कुणी हसणार नाही.

कुसुम : गप.

तनया : मी फक्त...

कुसुम : गप बस म्हटलं ना! तोंडातून काढू नकोस असलं. तेजसच्या आधी माझं एक गेलंय. पाचव्या महिन्यात. तू ते पंधरा दिवसांनी ठरवून सांगणार? हातात नसलेलं घालवणार? अगं, कुठे जाऊन पोचलीस तू? त्या काट्यावर उभी राहून कुठे पोचलीस?

तनया : माहीत नाही. मला नाही माहीत, आई. बाहेर यायचा रस्ता सापडत नाही. म्हणून दिसेल तिकडे जातेय.

गोदाबाई : काकू, आवाज बारीक करा. शेजारच्या आप्पासायेबांची खिडकी उघडी हाय.

कुसुम : ऐकू दे आप्पासाहेबांना. एरवी कान लावूनच बसलेले असतात, आज निदान काहीतरी कामाचं ऐकतील. गोदाबाई, देवापुढची ती ओटी आणा इकडे. परातच उचलून आणा.

तनया : मला नका ना भरू ती.

कुसुम : कुणी भरत नाही. तो खण आणि नारळ कपाटात ठेवा, गोदाबाई. हे तांदूळ धुवा आणि मऊ भात टाका. पळीनं पडेल असा. आंबेमोहोर आहे, मुद्दाम मंडईतून आणला होता. कुणाच्या तरी पोटात जायलाच आणला होता, हिच्याच जाऊ दे. आणि तोपर्यंत हे ताट उचला हिच्या पुढून. मूद काय, पोळी काय, दोन भाज्या. धडधाकट माणूसही घाबरेल.

गोदाबाई : हाय त्यातलाच चमचाभर भात गरम पान्यात मोडून देती. नवा शिजंपातुर.

कुसुम : द्या. वाटीत द्या, लहान. मेतकूट घाला. तूप थेंबभर.

तनया : तूप नको.

कुसुम : बरं, तूप नको.

तनया : आत्याला काय सांगणार?

कुसुम : खरं सांगणार. माझी मोजणी चुकली म्हणून सांगणार. घरात सून होती, तिला विचारायचं सोडून मी देवाला विचारत बसले. वन्सं दोन शब्द ऐकवतील. ऐकून घेईन. तीस वर्षं नारळीभातावरून ऐकतेय, एक दिवस यावरून. आणि तो फोटो मी काढते हॉलमधला.

तनया : नका काढू. लगेच काढला तर तेजस विचारेल.

कुसुम : विचारू दे. हसला होता ना तोही? त्यालाही सांगू. आणि पाच वाजता मी येतेय डॉक्टरीणबाईंकडे. ओटीबिटीचं काही नाही. त्यांना विचारू, ही खाईना झालीय, घाबरते, काय करायचं? याचेही कुणी डॉक्टर असतील. असतील ना?

तनया : असतात. त्यांनी नाव दिलंय एकीचं. चिठ्ठी पर्समध्ये आहे.

कुसुम : शुक्रवारपासून पर्समध्ये आहे. ठीक. आज बाहेर काढू.

तनया : बारा वाजतील आता. ताटाचा फोटो नाही टाकला तर ग्रुपवर नावापुढे लाल टिकली येईल.

कुसुम : येऊ दे.

तनया : तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते. माझा हात आपोआप जातो फोनकडे. बघा, आत्ताही गेला.

कुसुम : बघतेय. दे इकडे तो. माझ्या मांडीवर राहू दे. त्या मॅडमबाईंना पाहिजे तर माझा फोटो काढून टाक, मी सत्तर किलोची आहे.

तनया : आणि नाजिमा? ग्रुपमधली, माझ्या हाताखालची. तिचे केस गळतायत, काय करू विचारतेय...

कुसुम : तिला खरं सांग. संध्याकाळी सांग, डॉक्टरांकडून आल्यावर. मला सांगितलंस त्यापेक्षा अवघड नसणार.

गोदाबाई : घ्या. ही वाटी अन् ह्यो तुमचा च्या. काकू, साखर दोनच चमचे घातली, चार म्हैन्यांची सवय मोडलीया म्हनून.

कुसुम : तनया, हे बघ. मी घोट घेत नाही तोवर. कप इथे ठेवलाय. तू एक घास घे, मी एक घोट घेते.

तनया : मी नाही घेऊ शकले तर?

कुसुम : तर चहा गार होईल. गार चहा मी आयुष्यात प्यायले नाही, पण पिईन. घाई नाही.

तनया : छाती धडधडतेय.

कुसुम : धडधडू दे. माझा हात धर. चमच्यात एवढं नको, अर्धं कर. अजून कमी. हां. तेवढंच.

तनया : आई, वास येतोय. मेतकुटाचा.

कुसुम : येणारच. घरचं आहे.

गोदाबाई : काकू, बेल वाजली. आत्याच असतील. दार उघडू?

कुसुम : थांबा जरा. हिचा घास खाली जाऊ दे.